लेक व्ह्यूचा मालक

भिगवणला हायवेवर त्याची मच्छीची खानावळ होती. आता पाटीवर 'लेक व्ह्यू' लिहिलंय.

मी विचारलं, "अरं, तळं कुठं दिसतंय?"

"नावात हाय की, सर."

पाटी बदलल्यापासून तो सगळ्यांना सर म्हणतो. कोट पोटावर बसत नाही, तरी बटण सोडत नाही.

बायको होती तेव्हा आम्ही दोघं तिथं चिलापी खायचो. रस्सा कमी पडला की ती त्याला खडसवायची. ती गेल्यावर परवा एकटाच गेलो. वाटीभर रस्सा आला. आणखी मागितला, तर सगळ्यांदेखत म्हणाला, "त्याचं बिल वेगळं, सर."

मी कोरडीच भाकरी मोडली. भांडणारी तीच होती.

मग तो आतून पातेलंच घेऊन आला. वाढताना कोटाची बाही रश्श्यात बुडाली. हळूच म्हणाला, "तात्या, काकींनी मला पाटीसकट धुतला असता."