श्यामकांतचे तीन मुक्काम

माझ्या नवऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. ही तक्रार बायका सहसा कौतुकाने करतात. मी वैतागून करते आहे.

आजोबांचं नाव ठेवलं म्हणून तो श्यामकांत. मी श्याम म्हणते. विक्रोळीला एका औषध कंपनीत डिस्पॅच सांभाळतो. मुलुंड पूर्वेला आमचं घर आहे आणि त्या सोसायटीचा तो कित्येक वर्षं सेक्रेटरी आहे, कारण वार्षिक सभेत 'कोण होणार सेक्रेटरी?' असं विचारलं की बाकी सगळे जमिनीकडे बघतात आणि हा एकटाच भाबड्यासारखा समोर बघत असतो. केस कापणाऱ्याने एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला तरी आरशात बघून 'छान' म्हणून घरी येतो. एकदा दोन मित्रांनी एकाच संध्याकाळी जेवायला बोलावलं, तर हा दोन्हीकडे जेवला. दोन्हीकडे पुरणपोळी होती. दुसऱ्या दिवशी ओवा चावत बसला होता आणि वर मलाच म्हणत होता, "अगं, त्यांना वाईट वाटलं असतं."

अशा माणसाने यंदा दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पर व्हॅनची सहल आखायला घेतली.

कल्पना आमच्या गंधालीची. ती नववीत आहे. पुढच्या दिवाळीला दहावी असेल, क्लासवाले चार दिवससुद्धा सोडायचे नाहीत, हे तिचं तिलाच पक्कं ठाऊक. कुठल्याशा व्हिडिओत तिने एक कुटुंब बघितलं होतं. व्हॅनमध्येच ओटा, व्हॅनमध्येच पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी एक जागा, तिथे त्यांची मुलगी झोपलेली आणि सकाळी खिडकी उघडली की समोर समुद्र. "आई, मला एकदा तसं उठायचंय. बस. बाकी काही नको." गंधाली सहसा काही मागत नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. पाचवीतल्या श्रेयसने तर दुसऱ्या दिवसापासून डायनिंग टेबलाखाली सतरंजी टाकून झोपायची प्रॅक्टिस सुरू केली. सकाळी उठताना रोज डोकं आपटायचं, तरी हटला नाही.

व्हॅन ठाण्याच्या एकाकडे मिळाली. श्याम गाडी चांगली चालवतो, त्यामुळे ड्रायव्हरची गरज नव्हती. तीन रात्री मिळणार होत्या. दिवेआगरला एक नारळाची वाडीही सापडली. तिचा मालक अशा गाड्या आत लावू देतो, पाणी आणि वीज देतो, न्हाणीघर वापरू देतो. तिन्ही रात्री तिथेच. इतकी सोपी सहल मी आयुष्यात बघितली नव्हती. मला वाटलं, यात बिघडवण्यासारखं आहे काय!

मग माणगावहून कुंदाआत्याचा फोन आला. कुंदाआत्या म्हणजे श्यामची सख्खी आत्या. दिवाळीला मुलांना घेऊन कधी येतोस, असं तिने विचारलं आणि या शहाण्याने सांगून टाकलं की आम्ही दिवेआगरला चाललोय.

"म्हणजे माणगाववरूनच जाणार," आत्या म्हणाली. "आणि घरी राहणार नाहीस?"

"तसं नाही, आत्या…"

"मग ये राहायला."

"आम्ही गाडीतच झोपणार आहोत गं. गाडीत पलंग आहेत."

"दारात गाडी उभी करून गाडीत झोपणार? आळीतले लोक म्हणतील, कुंदाने भाच्याला घरात घेतलं नाही!"

"येतो," श्याम म्हणाला.

तीनपैकी एक रात्र गेली.

आत्याने ही बातमी पेणला तिच्या भावाला, म्हणजे भाऊकाकांना दिली. त्यांचा फोन लगेच आला. कुंदाकडे राहणार आणि माझ्याकडे नाही? पहिला मुक्काम पेणला. मी डोक्याला हात लावला. मुलुंडहून निघाल्यावर गाडीचं इंजिन नीट तापतंय न तापतंय तोच पेण येतं. तिथे मुक्काम! सकाळी निघून जेवणाआधीच पोचायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काकांच्या ओसरीवर बसून चकल्या खायच्या. श्याम मात्र फोनवर 'हो काका, नक्की काका' करत मान डोलवत होता, जणू काकांना ती दिसत होती.

राहिली तिसरी रात्र. ती पनवेलच्या चुलतबहिणीने, श्रुतिकाताईंनी घेतली. परत येताना पनवेललाच राहा, दमला असाल, म्हणाल्या. पनवेलहून घरी यायला जेमतेम तास लागतो. दमायला आम्ही करणार काय होतो? पलंगासकट गाडी घेऊन लोकांच्या पलंगावर झोपणार होतो!

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही त्याला नुसता गुळाचा गणपती समजाल. श्याम नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. आईला मुलींच्या एका वसतिगृहात नोकरी मिळाली. राहायची सोय होती, पण तिथे मुलगा ठेवता येत नव्हता. म्हणून तो आधी पेणला काकांकडे राहिला, मग माणगावला आत्याकडे चार वर्षं, आणि कॉलेजला पनवेलला ताईंकडे. आमच्या सहलीचे तीन मुक्काम म्हणजे त्याला वाढवणारी तीन घरं. हे मला माहीत आहे, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही. आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

तरी मी चिडलेच. "अरे, त्यांनी तुला सांभाळलं, मान्य. त्यांच्याकडे आपण दर मे महिन्यात जातो, गणपतीत जातो, सगळ्यांच्या लग्नामुंजीला जातो. ही चार दिवसांची सहल मुलांची आहे."

"मुलांना व्हॅनमध्ये बसायला मिळेलच की."

"बसायला? बसायला रिक्षा आहे, श्याम!"

"आणि दिवेआगरला जाऊच ना. माणगावहून दुपारी जायचं, समुद्र बघायचा, जेवायच्या वेळेला आत्याकडे परत."

तेवढ्यात पनवेलच्या ताईंचा पुन्हा फोन. व्हॅनमध्ये फ्रिज आहे म्हणे, तर माझ्याकडचे फराळाचे डबे जाताना घेऊन पेणला आणि माणगावला द्याल का? श्यामने तेही कबूल केलं. आता आम्ही कुरिअर कंपनीही झालो होतो.

त्या रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर त्याने मुलांना समोर बसवलं आणि नवा बेत सांगितला. चेहरा असा, की जणू काही चांगलीच बातमी देतोय. पेणला भाऊकाका तुमची किती वाट बघतायत, आत्याच्या विहिरीत आता पाणी किती असेल, वगैरे.

श्रेयसने सरळ विचारलं, "म्हणजे व्हॅनमध्ये झोपायचं कधी?"

"अरे, दुपारी झोप ना. वरच्या जागेत."

"दुपारी कोण झोपतं, यार बाबा? वाट लावली सगळी!" तो रडवेला झाला आणि टेबलाखालची सतरंजी ओढून गॅलरीत निघून गेला.

मला त्याचं काही वाटलं नाही. रडणारं पोर आपलं म्हणणं मांडत असतं. मी गंधालीकडे बघत होते. ती भांडेल, पाय आपटेल, मग मी तिची बाजू घेऊन तुटून पडेन, अशी माझी पूर्ण तयारी होती. गंधालीने एकदा बाबाकडे बघितलं. मग हसली आणि म्हणाली, "चालेल, बाबा. आत्याआजीला बरं वाटेल."

ते हसणं मी सतरा वर्षं बघतेय. सोसायटीच्या सभेत, न्हाव्याच्या खुर्चीत, दुसऱ्या घरच्या पुरणपोळीसमोर. तसंच, अगदी तसंच.

ती आत गेल्यावर मी श्यामला म्हटलं, "बघितलंस?"

"काय? समजूतदार आहे ती."

"समजूतदार नाहीये ती. ती तुझ्यासारखी होतेय." माझा आवाज चढला, तो मी उतरवला नाही. "आयुष्यात एक गोष्ट मागितली होती तिने. ती काढून घेतलीस, आणि ती तुलाच समजावतेय. उद्या सासरी, ऑफिसात, जिथे जाईल तिथे असंच हसून चालेल चालेल करत बसेल, आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही तिला काय हवं होतं. तुला चालेल हे?"

तो खुर्चीत बसला. मी भांडी आवरायला घेतली, जरा जास्तच आवाज करत. मग पाहते तर त्याने फोन उचलला होता. त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, कारण कानाला लावला की त्याला ऐकू येत नाही म्हणे. मी नळ बंद केला.

"आत्या, श्याम बोलतोय."

"बोल रे. मुलांना घावणे आवडतात ना? मी तांदूळ…"

"आत्या, आम्ही राहायला नाही येणार."

श्यामच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हा म्हणणार, 'गंमत केली गं, येतोय.' पण तो म्हणाला, "मुलांना गाडीत झोपायचंय. तिन्ही रात्री. दुपारी भेटायला येऊ, जेवू, पण राहणार नाही. तू रागावू नकोस. रागावलीस तरी… तरी राहणार नाही."

"हेमांगीने सांगितलं का तुला असं बोलायला?"

मी तोंड उघडलं, पण त्याने हात वर करून मला थांबवलं. "नाही. मीच बोलतोय."

आत्याने भलतंच विचारलं. "श्याम, तुला पडवळाची भाजी आवडायची का रे?"

"काय?"

"परसात पडवळ फार यायचं. आठवड्यातून तीनदा करायचे मी. माझी पोरं ताटं सरकवून उठायची. तू पुन्हा मागून घ्यायचास. मी सगळ्यांना सांगायचे, श्यामला पडवळ फार आवडतं. तुझ्या लग्नात हेमांगीलाही सांगितलं. खरं सांग, आवडायचं?"

श्याम माझ्याकडे बघेना. "नाही, आत्या."

माझ्या हातात ताट होतं, ते मी खाली ठेवलं. आत्याने सांगितलं होतं म्हणून मी सतरा वर्षं या माणसाला हौसेने पडवळ करून घालत होते.

"मग बोलला का नाहीस, मेल्या? दुसरं काही केलं असतं. तुझ्यापुरती वाटीभर आमटी जड होती का मला?"

"मला वाटायचं," श्याम म्हणाला आणि थांबला. "मला वाटायचं, नको म्हटलं तर तू ठेवून घेणार नाहीस."

मला त्याच्याकडे बघवेना. इतकी वर्षं ज्या भिडस्तपणावर मी करवादत होते, त्याच्या तळाशी एक बारा-तेरा वर्षांचं पोर ताट पुढे करून बसलेलं होतं आणि त्याला भाजी नको होती.

फोनमध्ये आत्याच्या नाक ओढण्याचा आवाज आला. मग तिने घसा खाकरला आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, "झोपा गाडीत. खुशाल झोपा. पण एक ऐक. अंधार पडल्यावर गाडी माझ्या दारात दिसता कामा नये. दिसलात तर मी आत आणल्याशिवाय राहायची नाही, माझं मला माहीत आहे. जेवा आणि उजेडी निघा."

"हो."

"आणि जेवायला काय करू? बघ, आता खरं सांगशील तर तेच करते."

श्यामने खूप विचार केला. इतका, की मला पुन्हा वैताग यायला लागला. या माणसाला एवढ्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं की त्याने स्वतःला विचारलं नव्हतं, कोण जाणे. शेवटी म्हणाला, "बटाट्याची भाजी. सुकी. मिरची कमी."

फोन ठेवला तेव्हा गंधाली दारात उभी होती. किती वेळची उभी होती कुणास ठाऊक. ती हसत नव्हती. डोळे मोठे करून बाबाकडे नुसती बघत होती.

"बाबा, पण मग भाऊकाकांचं काय? आणि पनवेलच्या आत्याचं?"

"थांब," तो म्हणाला. "एकेकाला सांगतो."

त्याने शर्टाच्या बाहीने फोन पुसला आणि पेणचा नंबर लावला. रिंग वाजत होती तेवढ्यात गंधाली येऊन त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली.

"भाऊकाका," श्याम म्हणाला, "या वेळी आम्ही मुक्कामाला येणार नाही." आवाज कापत होता, पण वाक्य त्याने पूर्ण केलं.