म्हसळ्याच्या वाटेवरची निरगुडीची वई

गेल्या पौषात आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत एक भलीमोठी आरामखुर्ची आली. ज्यांच्या शाळेत मी शिकले आणि आता शिकवते, त्या आमच्या मिस डॉसन, म्हणजे मिसबाई, चैत्रातल्या बोटीने कायमच्या विलायतेला निघाल्या होत्या. सामान वाटून टाकताना खुर्ची आमच्या वाट्याला आली. ह्यांनी तिच्यात जे अंग टाकलं ते जेवणाशिवाय उठायचं नावच घेईनात.

आभार मानायला मी मिसबाईंकडे गेले आणि सहज विचारलं, "तिकडे उतरणार कोणाकडे?"

"कोणाकडे? एका बोर्डिंगात खोली घेतली आहे," त्या म्हणाल्या. "वडिलांची शेती केव्हाच विकली गेली. भाऊ नाही, बहीण नाही. तिकडे माझं कोणी नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझं कोणी असेल तर ते इथेच असेल."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मिसबाईंच्या आजोबांचा एक भाऊ, घरचा शेतकरी माणूस, बायको आणि लहान मुलाला घेऊन आपल्या कोकणात आला होता. म्हसळ्याजवळ जमीन घेऊन विलायती पद्धतीने शेती करायची त्याची हौस. काही वर्षांत त्याची खबरबात येईनाशी झाली. मिसबाईंची चाळीस वर्षं मुंबईत गेली, पण शाळा सोडून तिकडे जायला त्यांना कधी सवड झाली नाही. आता निघायची वेळ आली आणि त्यांच्या जिवाला हुरहुर लागली होती.

मी घरी येऊन सांगितलं. हे खुर्चीतूनच म्हणाले, "श्रीवर्धनला आपले अण्णा आहेत की. चला, घेऊन जाऊ बाईंना." खुर्चीचा एवढा तरी उपयोग झाला.

तर ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगते. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सकाळीच सुटते. तिकीट डेकचं काढावं, वरच्या वर्गात जादा पैसे देऊन मिळते ती फक्त खुर्ची. आवळासुपारी जवळ असू द्यावी. आमच्या ह्यांनी "मी कोकणातला आहे, मला काय होतंय" म्हणून ती नाकारली आणि रेवदंडा मागे पडायच्या आत कठड्याला धरून उभे राहिले ते राहिलेच. बोटी फक्त उघडिपीत चालतात. पाऊस धरला की नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत त्या बंद असतात, हे ध्यानात ठेवावं.

मिसबाई मात्र खुशीत होत्या. काशीदची पांढरी वाळू लांबून दिसायला लागली तेव्हा त्या डोंगराच्या उतारावरची शेतं न्याहाळत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे दर हिवाळ्यात कुंपण घालायचं काम असे. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून ते मला बरोबर नेत." जिवंत झुडपाची फांदी बुंध्याशी तिरकी कापायची, पण तोडायची नाही. सालीचा एक पदर राखायचा, आणि ती फांदी आडवी लोळवून दोन खुंटांत गुंतवायची. सगळ्या फांद्यांचे शेंडे चढाच्या बाजूला. उन्हाळ्यात आडव्या फांदीला उभे कोंब फुटतात आणि भिंतीसारखं कुंपण होतं. हे सगळं त्यांनी छत्रीच्या दांड्याने डेकवर आखून दाखवलं. आम्ही "हो का, हो का" करत ऐकलं. हे ऐकायच्या स्थितीत नव्हतेच.

श्रीवर्धनला आगबोट बाहेर समुद्रातच उभी राहते. होडीने किनाऱ्यापाशी यायचं आणि शेवटी पाण्यातून चालायचं. मिसबाईंनी बूट काढून हातात घेतले, झगा वर धरला आणि आमच्या आधी वाळूवर पोचल्या.

अण्णा म्हणजे ह्यांचे आतेभाऊ. सुपारीची वाडी, पुढे मोठी पडवी, आणि बोलण्याची भारी आवड. त्यांनी येण्याचं कारण ऐकून मांडीवर थाप मारली. "त्यात काय वहिनी! साहेबाचा वंश म्हणजे गोरा रंग, घारे डोळे. उद्या दुपारपर्यंत हुडकून देतो."

आता श्रीवर्धनात घारे डोळे शोधायचे म्हणजे काय? निम्म्या गावाचे डोळे घारे! दुसऱ्या दिवशी अण्णांनी आम्हाला आळीतून फिरवलं, आणि ज्याला त्याला "जरा उजेडात या" म्हणून पुढे ओढलं. एका घरी सोवळ्यातल्या आजी वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. गोऱ्यापान, डोळे अगदी मांजराचे. अण्णांनी आडवळणाने विषय काढला तशी त्या हातातलं ताट खाली ठेवून उठल्या. "साहेबाचे वंशज? आम्ही? मेल्या, तुझ्या मुंजीत मी तुला भिक्षावळ घातली ती हे ऐकायला?" आम्ही माजघरातून जे पळालो ते थेट समुद्रावर. मिसबाई हसून हसून वाळूत बसल्या. मग ह्यांच्याकडे टक लावून म्हणाल्या, "तुमचेही डोळे घारे आहेत. तुम्ही तर नाही ना?" हे तेवढ्यावरही लाजले.

पण संध्याकाळी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पानात तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी, सोलकढी, सगळं सुरेख होतं. त्या म्हणाल्या, "मी मूर्खपणा करते आहे का गं?" मी आपली आणखी भाकरी वाढली.

तिसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या बाजूला जायला बैलगाडी ठरवली. गाडीवान धोंडू कुणबी, त्या अंगाचाच. गाडीचं भाडं आदल्या दिवशीच ठरवून टाकावं, आणि बसायला पेंढा भरपूर मागून घ्यावा. वाटेवर चढ-उतार फार आणि धोंडूचे बैल उताराला जोरात धावतात.

"साहेब शेती करायचा ती जागा ठाऊक आहे का?" ह्यांनी विचारलं.

"व्हय तर. सायबाची बाव हाय थितं. दुसरं काय न्हाय."

आणि खरंच दुसरं काही नव्हतं. जांभ्या दगडाची एक बाव, म्हणजे विहीर, तिच्या तोंडावर करवंदीची जाळी माजलेली आणि शेजारी पडका चौथरा. जवळच्या वाडीतली म्हातारी माणसं म्हणाली, साहेब तापाने मेला, बाई त्याच्याही आधी गेली, पोराचं काय झालं देव जाणे. मिसबाईंनी बावीत वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. धोंडूने पोहरा सोडून काढलं ते त्या ओंजळीने प्यायल्या आणि पदर असावा तसा रुमाल डोळ्यांना लावला. "चला," म्हणाल्या, "झालं." मला त्यांच्याकडे बघवेना.

परतताना धोंडूला वाटेत सासुरवाडीला पोपटी खायची होती, म्हणून त्याने गाडी खालच्या वाटेने घातली. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. माघात तिकडे गेलात तर चुकवू नका. आम्ही मात्र त्या दिवशी ती चुकवली. भाताच्या खाचरांशेजारून गाडी जात असताना मिसबाईंनी एकदम धोंडूचा खांदा धरला.

"थांबव! गाडी थांबव!"

कोकणात कुंपण म्हणजे एक तर दगडाचा गडगा, नाहीतर दरसाल तोडून आणलेल्या काट्यांची वई. उधई, म्हणजे वाळवी, लागली की ती वई गेली. इथे उतारावर एक लांबलचक निरगुडीची वई होती, आणि तिची एकूण एक फांदी बुंध्याशी तिरकी कापून आडवी लोळवलेली. आडव्या फांद्यांवर उभे कोंब. सगळ्यांचे शेंडे चढाकडे. बोटीवर छत्रीच्या दांड्याने आखलेलं कुंपण मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. अंगावर सरसरून काटा आला.

मिसबाई गाडीतून कशा उतरल्या ते मला कळलंही नाही. वईपलीकडे पन्नाशीचा एक उंच, काळासावळा माणूस कोयता घेऊन उभा होता. लुंगी, डोक्याला फडकं, डोळे काळेभोर. आम्ही घारे डोळे शोधत हिंडलो होतो!

"ही वई तुम्हाला कोणी शिकवली?" मिसबाईंनी विचारलं.

तो मडमेच्या तोंडची मराठी ऐकून गडबडला. "कोनी न्हाय शिकवली. आमच्या घरात अशीच घालतात. माजे आजान् बापाला दावली, बापान् मला. गावातली लोकं हसतात, म्हन्तात हसनमियांची वई झोपली. पन माजी वई जिती हाय, त्यांची दरसाल मरते."

"आणि तुमचे आजोबा कोण?"

हसनमियांने मान फिरवून घराकडे पाहिलं. तेवढ्यात घरातून त्याची बायको जैनब आली. तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाय, ही मडम जमीन मागाया आली काय गो? खरं सांग. आमचे सासरे मरताना सांगून गेले, कोन गोरा माणूस आला तर काय बोलू नका."

म्हणजे घरात सगळं ठाऊक होतं! मी तिची समजूत घातली तेव्हा तिने सांगितलं: हसनमियांचा आजा, अब्दुल्ला, त्या साहेबाचा पोरका मुलगा. शेजारच्या मुसलमान घराने त्याला वाढवलं, आपल्यात घेतलं, पुढे मुलगी दिली. आपली जमीन कोणी काढून घेईल या धास्तीने तीन पिढ्या हे तोंडातून काढलं गेलं नव्हतं. मी जैनबचं म्हणणं मिसबाईंना सांगितलं. त्या वईला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला जमीन नको. मला कोणी नाही, म्हणून मी आले."

हसनमियांने कोयता कमरेला खोचला. मग त्याने वईच्या बेड्यातले, म्हणजे फाटकातले, आडवे बांबू काढले आणि म्हणाला, "आत या. उन्हात नका उभ्या ऱ्हाऊ."

पडवीत चटईवर बसल्यावर ह्यांच्या अंगात आमच्याकडची खोड संचारली. नातं लावल्याशिवाय ह्यांना पाणी गोड लागत नाही. बोटांवर मोजत मिसबाईंना म्हणाले, "तुमचे आजोबा आणि हसनमियांचे पणजोबा सख्खे भाऊ. म्हणजे तुमचे वडील आणि अब्दुल्ला चुलतभाऊ. ह्यांचे वडील तुमचे चुलत-चुलत भाऊ लागले. म्हणजे बाई, तुम्ही ह्यांच्या आत्या झालात!"

"मंग फुफी म्हना की," जैनब म्हणाली, आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा करून मिसबाईंना सलाम केला. चाळीस वर्षं मुलींना शिस्त लावणाऱ्या आमच्या मिसबाई तिचे दोन्ही हात धरून ढसाढसा रडल्या. मीही रडले. हे छपराकडे बघत होते.

जैनबने तांदळाचं, नारळाच्या दुधातलं सांदण पुढे ठेवलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सांदणाकडे, आणि मग दोनदा मागून घेतलं. अण्णांनी हे वाचलं तर वाचलं! हसनमियांचा मुलगा आगबोटीच्या भट्टीवर कामाला आहे, तो म्हणे दोनदा लिव्हरपूलला जाऊन आला. "थंडी फार हाय, म्हन्तो. कोन वळखीचं न्हाय, म्हन्तो." मिसबाई नुसत्या मान हलवत राहिल्या.

निघताना हसनमियांने म्हशीने मोडलेली एक जागा दाखवली. मिसबाईंनी हात पुढे केला. "कोयता द्या." गुडघ्यावर बसून त्यांनी पहिली फांदी कापली ती ताडकन तुटून हातात आली. हसनमियां हसला, त्याही हसल्या. दुसरीला त्यांनी कोयता तिरका धरला, सालीचा पदर राखला आणि ती अलगद चढाकडे लोळवली. त्याने पुढे होऊन ती खुंटात गुंतवली. कोणालाच काही सांगावं लागलं नाही.

"बेस," तो म्हणाला. "पन पावसात फुटली तर खरी. बघाया याय लागल, फुफी."

मिसबाईंनी कोयता पुसून त्याच्या हातात दिला. परतीच्या बोटीवर मी त्यांना काही विचारलं नाही. चैत्रातलं तिकीट काढलेलं होतं.

मुंबईला परत आल्यावर मी पुन्हा शाळेत आणि हे पुन्हा खुर्चीत. लोक विचारतात, श्रीवर्धनला बघण्यासारखं काय आहे. समुद्र आहे, सुपारीच्या वाड्या आहेत, पण मला आठवते ती आडवी पडून हिरवी राहिलेली वई. जमलं तर धोंडूलाच गाठा आणि खालच्या वाटेने जायला सांगा.

शिमगा झाला आणि एका रविवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं तर मिसबाई, आणि त्यांच्या मागे पाटीवाला हमाल. त्या सरळ आत आल्या. हे धडपडत उठले.

"माफ करा," मिसबाई म्हणाल्या, "पण माझी खुर्ची मला परत हवी. चैत्रातलं तिकीट परत केलं. श्रीवर्धनच्या बोटी नारळी पौर्णिमेनंतर सुरू होतात ना? तोवर बसायला काहीतरी पाहिजे."

ह्यांनी खुर्चीचं एक टोक स्वतः धरलं आणि हमालाबरोबर ती जिना उतरवून दिली.