मिठाच्या जागी दोन कार्बन

बायकोच्या वर्षश्राद्धाला मी एकाच माणसाला स्वतः जाऊन बोलावलं. बाकीच्यांना निरोप धाडले. त्या एकाला तिच्या नावाच्या ताटावर बसवायचं होतं.

तो तिचा मानलेला भाऊ. गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो. तिच्या माहेरी, अमरावतीकडे, कोणी उरलं नव्हतं आणि याची बहीण दूर दिलेली. म्हणून भाऊबीजेला तो आमच्या घरी. ती त्याला ओवाळायची, जाताना डबा भरून अनारसे द्यायची. तो मला भाऊजी म्हणतो. मी त्याला साळेबुवा म्हणायचो. आता काही म्हणत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. रायपूरबाहेर उरला म्हणून भाग आहे, तिथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात ट्रक चालवत म्हातारा झालो. काम सुटल्यावर एक जुनी गाडी घेतली, कारण तिला दमा होता. उघड्या रिक्षात धूळ-धूर लागला की तिचा श्वास अडकायचा.

रायपूर तेव्हा नव्या राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्या मागे पांढऱ्या गाड्या आल्या, आणि ज्याला त्याला टपावर लाल बत्ती पाहिजे. बत्त्या बसवायला आमचे साळेबुवा. दुकानापुढे रांग लागलेली असे. माझ्या गाडीत स्टिअरिंगमागचा बॅटरीचा लाल दिवा मधूनमधून पेटायला लागला, तेव्हा मीही त्या रांगेत उभा राहिलो.

"डायनामोचे कार्बन गेले असतील, भाऊजी. ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नवे टाकले. एकदम टनाटन."

डायनामो म्हणजे नवी पोरं ज्याला अल्टरनेटर म्हणतात तो. इंजिन चालू असलं की तो बॅटरी भरत राहतो. त्याच्या आत पेन्सिलीच्या शिशासारखे दोन काळे तुकडे असतात, तेच कार्बन. फिरत्या तांब्याच्या कड्यांवर ते टेकलेले पाहिजेत. ते झिजले की वीज बनत नाही, आणि गाडी बॅटरीत असेल नसेल तेवढं खाऊन बसते.

आठवडाभरात दिवा परत पेटला. मी गेलो, ती शेजारी बसलेली. त्यानं बोनेटसुद्धा उघडलं नाही.

"वायर लूज आहे, जळू द्या. इथं मंत्र्याची बत्ती जळत नाही म्हणून बोंबाबोंब चालली आहे, अन् तुमची फुकटात जळून राहिली तर तुम्ही तक्रार करता!"

ती हसली. खोकत खोकत हसली. त्याचाही मला राग आहे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिचा दम फार वाढला. मी तिला गाडीत घातलं आणि दवाखान्याकडे निघालो. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी लांबलचक. सगळ्यांनी गाड्या बंद केल्या, मीही केली. फाटक उघडलं, चावी फिरवली, तर नुसतं टक. परत टक. मागून हॉर्न. लोकांनी ढकलली, पण चढ होता. शेवटी रिक्षा केली, उघडी, भर धुळीत. दवाखान्यात पोचेस्तोवर तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायचं होतं.

तेरवीला तो आला. पंगतीत बसला, बुंदी परत मागून घेतली. आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "फाटकावर गाडी बंद काहून केली, भाऊजी? चालू ठेवाची होती ना."

लोकांनी माना हलवल्या. चौबे कॉलोनीतले एक काका तर म्हणाले, "हव, जरा चुकलंच तुमचं." म्हणजे तिला मी मारलं. हे बुंदी खाता खाता ठरलं.

गाडी कित्येक महिने अंगणात तशीच उभी होती. आधी वाटलं, भंगारात द्यावी, आमच्या कारखान्याच्या भट्टीत वितळू दे. मग वाटलं, भट्टीत घालायच्या आधी हिला विचारून तर पाहू, तिला मारलं कोणी.

बॅटरी सदर बाजारामागच्या दुकानातून भरून आणली. गाडी सुरू झाली. डायनामो धड असेल तर रेस दिल्यावर हेडलाइट उजळतो. पण आत बसून मी समोरचा लाईट पाहणार कसा? ते काम तिचं होतं. गाडीपुढे उभी राहून ती पदराला हात पुसत ओरडायची, "लागला! आता नाही लागला!" मी घरातून तिचं ताट आणलं. लग्नात आलेलं, काठावर तिचं नाव कोरलेलं. भिंतीला टेकवून उभं केलं. त्यात लाईट दिसत होता. रेस दिली. उजळला नाही. जरा वेळानं पिवळा पडायला लागला.

कारखान्यातल्या एका सोबत्याचं मीटर मागून आणलं होतं. चालू गाडीत बॅटरीवर चौदाच्या आसपास दाखवायला पाहिजे. ते बाराच्या वर जाईना, उलट खाली उतरत होतं. आम्हा जुन्या ड्रायव्हरांना खोड आहे, चालू गाडीत बॅटरीची वायर ओढून पाहायची. नव्या डायनामोत त्यानं आतलं जळून जातं, म्हणून हात आवरला. पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, ताठ होता. मागच्या वायरा घट्ट. कुठंच लूज नव्हतं.

बॅटरीची वायर काढली, पट्टा उतरवला, डायनामो सोडवून तिच्या कपडे धुण्याच्या दगडावर ठेवला. मागचे दोन स्क्रू काढले आणि कार्बन हातात आले. नवे? एक झिजून नखाएवढा राहिलेला. दुसरा भलत्याच गाडीचा, कानशीनं घासून बसवलेला. घासल्याच्या रेघा अजून चमकत होत्या. आणि त्याच्या मागे स्प्रिंग कशाची, तर लिहायच्या पेनातली.

मग ते दोन्ही तुकडे आणि ती स्प्रिंग तिच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकली.

नवे कार्बन आणले. कडी बारीक पॉलिश पेपरनं पुसली, सगळं होतं तसं बसवलं, पट्टा ताणला. परत ताट भिंतीला लावलं. रेस दिली, तसा ताटात एवढा पांढरा उजेड आला की डोळे मिटावे लागले. एका दुपारचं काम. इतकंसं काम! फाटकावर गाडी पहिल्या चावीत सुरू झाली असती. आनंद कसला होतो त्यात. मी गाडीच्या टपावर मूठ मारली, अजून पोचा आहे.

तीच गाडी घेऊन आमंत्रण द्यायला गेलो.

"अरे वा भाऊजी! मक्खन चालून राहिली. कोणाकडे दाखवली?"

"घरीच केली."

"काय निघालं?"

"जेवाले ये. तिथंच सांगतो."

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

पण यावं तर लागणारच. माहेरच्या मानाला तो एकटाच होता.

श्राद्धाच्या दिवशी त्याला पाटावर पहिला बसवला, पुढे तिच्या नावाचं ताट, तेरवीचेच लोक शेजारी बसवले. वाढायला मी. खीर वाढली, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. इतरांना मीठ वाढलं. त्याच्या ताटात मिठाच्या जागी डबीतले दोन कार्बन ठेवले, बाजूला ती स्प्रिंग.

त्यानं खाली पाहिलं आणि ताटाकडे नेलेला हात मागे घेतला.

कॉलोनीतले काका वाकून म्हणाले, "हे काळं काय वाढलं बा?"

"त्याले विचारा. त्यानंच नवे म्हणून टाकले होते, माझ्या गाडीत. फाटकावर बंद पडली ना, त्या गाडीत."

काकांनी मान खाली घातली. श्राद्धाच्या ताटावरून अर्धवट उठता येत नाही, ते त्याला माहीत होतं, मलाही. तो जेवला. मी वाढत राहिलो. "घे ना. लाजू नको. बहिणीचं घर आहे." त्याच्या गालावरून पाणी खिरीत पडत होतं, तरी मी वाढलं.

हात धुताना म्हणाला, "त्या दिवशी पार्ट नव्हता, भाऊजी. मंत्र्याच्या गाड्या उभ्या होत्या. म्हटलं, मागून बदलून देईन. मग राहूनच गेलं. ताईची शपथ."

"अन् तेरवीले मले काहून म्हटलं?"

त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले.

"माफ करा, भाऊजी."

"माफ तिनं कराचं. मी फक्त जेवाले बोलावीन."

तेव्हापासून दरवर्षी बोलावतो. त्याचं दुकान मोठं झालं, नव्या रस्त्यावर गेलं, पण तो येतो. न येऊन लोकांना सांगतो काय? दरवर्षी तेच ताट, मिठाच्या जागी तेच तुकडे. लोक म्हणतात, म्हातारबा, आता सोडा. का सोडू? त्यानं मला वर्षभर खुनी म्हणून फिरवलं आणि तिला कायमची घालवली.

यंदा माझे हात फार कापत होते. खीर सांडली. मी वाढून बाजूला झालो तरी तो जेवेना.

"जेव ना," मी म्हटलं.

"भाऊजी, ते राहिले."

मी डबी काढायलाच विसरलो होतो. त्यानं आठवण करून द्यावी, हे मला बिलकुल आवडलं नाही. आत गेलो, देव्हाऱ्यामागून डबी आणली, झाकण निघेना. त्यानं हात पुढे केला. मी दिली नाही. दातानं उघडली, आणि ते दोन्ही तुकडे त्याच्या ताटात, त्यांच्या जागी ठेवले.