कादंबरीत नसलेलं वर्ष

परवा नातीच्या पुस्तकाला खळ लावून कव्हर घालत होते. त्या वासासरशी पंचवटीतल्या आमच्या घरातली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळातली एक दुपार आठवली. माझा धाकटा भाऊ तापाने गेला होता. आईचं मन रमावं म्हणून माझे वडील, अण्णा, वाचनालयातून नवी बांधणी केलेल्या, खळीचा वास येणाऱ्या कादंबऱ्या आणून तिला वाचून दाखवत.

त्या दुपारी कादंबरीतल्या बाईचं मूल गेलं. अण्णांनी पुढचं वाक्य वाचलं, "वर्ष लोटलं आणि ती पुन्हा हसू लागली."

तांदूळ निवडता निवडता आईचा हात थांबला. "अहो, पान सुटलं का? वर्षभर काय केलं तिनं?"

अण्णांनी एक पान मागे उलटलं. मग पुस्तकात न बघताच म्हणाले, "तिनं थालीपीठ लावायचं सोडलं. मुलाला फार आवडायचं ना. नवऱ्यालाही आवडायचं, पण त्यानं कधी मागितलं नाही."

"असं लिहिलंय?"

"लिहिलंय."

भाऊ गेल्यापासून आई आमच्यासमोर पहिल्यांदाच रडली. अण्णा तिच्याजवळ बसून राहिले.

अण्णा खोटं बोलले, याचाच तेव्हा मला राग आला होता. आता त्या कादंबरीतलं मला तेवढंच आठवतं.

थालीपीठ आमच्याकडे पुढच्या थंडीत झालं. पहिलं आईने अण्णांना वाढलं.