शिखराच्या दोनशे मीटर खाली

उलव्याची उन्नती घरत कॉलेजात असताना रविवारी लोकांना प्रबळगडावर न्यायची. पुढे गिर्यारोहणाचे कोर्स करून ती एका कंपनीत गाइड झाली. पैसे भरून हिमालयात येणाऱ्या हौशी माणसांना शिखरावर नेऊन सुखरूप खाली आणणं, हे तिचं काम.

गेल्या ऑगस्टात लडाखला एका शिखराच्या चढाईत तळोज्याचे कारखानदार चांगदेव पाटील तिच्या दोराला बांधलेले होते. शिखर दोनशे मीटरवर आलं, तेव्हा त्यांची छाती घरघरू लागली आणि पाय वेडेवाकडे पडू लागले.

"सर, इथून परत फिरायचं."

"वर जायचे पैसे भरलेत मी!"

"खाली यायचेपण त्यातच आहेत," म्हणत तिने त्यांना वळवलं.

खाली पोचताच तिने त्यांना लेहच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "फुफ्फुसात पाणी झालंय. वेळेत खाली आणलंत, म्हणून वाचले."

तिसऱ्या दिवशी चांगदेव उठून बसले आणि म्हणाले, "तुझ्या बाबांना फोन लाव."

अनोळखी आवाज ऐकून तिचे बाबा देवजी घाबरले. "माजी पोर बरी हाय ना?"

"बरी हाय. आनि तिच्यामुलं मीपन बरा हाय."

त्या दुपारी उन्नती तीन दिवसांनंतर पोटभर जेवली.