वार पुरणारे हात

लाखांदूरच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. बोलता बोलता कळलं, की ती जुनी सुईण. मी विज्ञानाचा मास्तर, आणि त्या सकाळी जे वाचलं होतं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

"मावशी, कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या शरीरात विषाणू शिरले आणि कायमचे राहिले. आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार तयार होते ना, त्यात त्यांचाही हातभार आहे! आता त्यांच्याच मदतीनं कॅन्सरवर इलाज शोधताहेत."

तंबाखू मळणारा तिचा अंगठा थांबला. ती आपले तळहात पाहत राहिली.

"बाळंतपण झालं का मी वार अंगणात पुरत होती. पुरताना दरवेळी हात जोडत होती. काहून, ते आज समजलं."

माझी मास्तरकी सुटेना. "इलाज अजून सापडला नाही हं. सापडेलच असंही नाही."

तिचं गाव आलं, ती उतरली. बस हलणार तोच परत आली आणि माझ्या खिडकीवर थाप मारून ओरडली, "मास्तर, जो विषाणू नऊ महिने लेकराले पोसते, तो दवाई व्हायले नाही म्हणन का?"