गोठ्यामागची भाकरी

ही गोष्ट मी नवऱ्याला कधी सांगितली नाही, लेकीलाही नाही. एवढी वर्षं ती माझ्याजवळच राहिली. आज तुम्हाला का सांगते आहे — मलाही नीटसं कळत नाही.

आमच्या अवसरीच्या घरी खंड्या नावाचा कुत्रा होता. इतका जाड, की उंबरा ओलांडताना पोट टेकायचं आणि तिथंच त्याला झोप लागायची. दुपारी डोळा लागता लागता त्याची धाप मला अजून ऐकू येते. एकदा लांडगा शेळ्यांपाशी आला तरी त्याला उठवेना. तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं — वेळेला अर्धीच भाकरी, आणि रोज ओढ्यापर्यंत चालवायचं. काम दिलं आत्याबाईंना. या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. प्लेगात नवरा आणि मुलगा दोघेही गेल्यावर माहेरी आलेल्या. घरात त्यांना कुणी काही सांगत नसे, विचारतही नसे. म्हणून या कामाचा त्यांना फार आनंद झाला.

पहाटेच्या धुक्यात दोघं बांधानं निघायची — पुढे आत्याबाई, मागे खंड्या, दोघंही धापा टाकत. चुलीपुढून मला ती दिसायची, मग दिसेनाशी व्हायची. ओढा तो केवढा लांब? पण वाटायचं, ही दोघं कुठल्या तरी निराळ्याच गावाला जाऊन येतात. येताना आत्याबाई त्याच्याशी बोलत असत. माणसांशी त्या इतकं बोलत नसत.

महिना गेला, दोन गेले. खंड्या तसाच. का तसाच — ते मला एकटीला माहीत होतं.

मी तेरा-चौदा वर्षांची, वारूळवाडीहून नुकती नांदायला आलेली. बाजरीची भाकरी मला जमत नव्हती. थापतानाच चिरायची, तव्यावर तुकडे व्हायचे. भाकरी येत नसेल तर पोरीला माहेरी धाडू, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मग बिघडलेल्या भाकऱ्या पदराखाली घ्यायच्या आणि गोठ्यामागे जायचं. खंड्या वाट बघत असायचाच.

शेवटी सासूबाई आत्याबाईंना म्हणाल्या, "वन्सं, तुमीच चारताय त्याला. न्हाई म्हनू नका."

मी तिथंच पीठ मळत होते. एक शब्द — एवढाच लागला असता ना? मी पिठात पाणी घातलं.

खंड्याला बैलगाडीत घालून डोंगराकडच्या मढ गावी धाडलं, ओळखीच्या गुराख्याकडे. काही महिन्यांनी निरोप आला — कुत्रा सडसडीत झालाय, गुरांमागे डोंगर चढतोय. सगळ्यांना पुरावाच मिळाला. तोवर माझ्या भाकऱ्या टम्म फुगायला लागल्या होत्या, आणि मला — खरं सांगते — हायसं वाटलं.

पण आत्याबाईंना ते खरंच वाटू लागलं. "माजाच हात जात आसंल, मलाच ठावं नसंल," म्हणायच्या. दुधाला शिवायच्या नाहीत, दाण्याला शिवायच्या नाहीत.

पुढे सासूबाई वारल्या, चूल माझ्या हाती आली. तेव्हापासून जेवून उठल्या की आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. पदर झटकायच्या, दोन्ही तळवे उघडून दाखवायच्या — बघ, काही नेत नाही. घरात तेव्हा कुत्राही नव्हता.

त्या गेल्या त्या वर्षापर्यंत, रोज. आणि मी रोज ते हात बघायची. नीट बघायची. मग म्हणायची, "बरं. जावा."